शेवटच्या घरापासून आराखडा सुरू करा : किनारपट्टीच्या आपत्ती नियोजकांना खुले पत्र

किनारपट्टीच्या आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे तयार करणाऱ्या आणि त्यांना मंजुरी देणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांस,

सविनय नमस्कार.

पत्रास कारण की, किनारपट्टीवर मोठे वादळ होऊन गेले की काही महिन्यांनी अहवाल येतो आणि त्यात ‘नागरिकांना वेळेवर इशारा देण्यात आला होता’ अशा अर्थाचे वाक्य बहुधा वाचायला मिळते. ते वाक्य अनेकदा खरेही असते. पण त्याच अहवालात पुढे मृतांचा आकडा असतो. इशारा दिला गेला आणि तरीही माणूस वाचला नाही, या दोन नोंदींच्या मधल्या काही तासांत त्या माणसाच्या घरात काय घडले, हे मात्र क्वचितच लिहिलेले असते. माझी सगळी विनंती त्या काही तासांविषयी आहे.

हवामानशास्त्राने आणि सागरशास्त्राने आपले काम पुष्कळ पुढे नेले आहे, हे आधी मान्य करायला हवे. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ समुद्रतळ हलला, तेव्हा श्रीलंका आणि भारताच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापर्यंत लाटा पोहोचायला सुमारे दोन तास लागले होते. हिंदी महासागरासाठी त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणाच नसल्यामुळे ते दोन तास वाया गेले आणि सगळ्या देशांत मिळून सुमारे सव्वादोन लाख माणसे गेली. आज तशी यंत्रणा आहे, आणि चक्रीवादळाचा मार्गही दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी अचूक सांगता येतो. २०२७ अखेरपर्यंत पृथ्वीवरील प्रत्येक माणसाला पूर्वसूचनेच्या छत्राखाली आणण्याचे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी २०२२ मध्ये जाहीर केले आहे. उद्दिष्ट योग्यच आहे. मात्र इशारा कानावर पडणे वेगळे आणि तो ऐकून घराबाहेर पाऊल टाकता येणे वेगळे. आपले बहुतेक आराखडे पहिल्या गोष्टीपाशीच थांबतात.

एक घर डोळ्यांसमोर आणावे. वस्तीतले शेवटचे, खाडीच्या बाजूचे. रात्रीचे अकरा वाजले आहेत आणि घरातल्या बाईच्या मोबाईलवर सुरक्षित स्थळी जाण्याचा संदेश आला आहे. नवरा होडी घेऊन समुद्रात आहे. सासू अंथरुणाला खिळलेली, दोन मुले झोपलेली, मागे शेळ्या बांधलेल्या. निवारा केंद्र दोन किलोमीटरवर, आणि तिकडे जाणारा रस्ता सखल भागातून जातो, म्हणजे घरात पाणी शिरण्याच्या आधी तो रस्ताच पाण्याखाली जाणार. मागच्या वेळी ती संदेश मिळताच निघाली होती. वादळ दुसरीकडे वळले, आणि ती परत येईपर्यंत घरातली भांडी चोरीला गेली. केंद्रात स्त्रियांसाठी वेगळे शौचालय नव्हते, खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. ही बाई अडाणी नाही आणि हट्टीही नाही. ती हिशेब करते आहे, आणि तिच्यापाशी जेवढी माहिती आणि जेवढे हात आहेत, त्यांच्या मानाने तो हिशेब चुकलेला नाही. कागदावर मात्र तिची नोंद ‘स्थलांतरास नकार’ अशी होईल.

तिचा हा हिशेब बदलेल अशी व्यवस्था वादळाच्या कितीतरी आधी उभी करणे, यालाच पूर्वतयारी म्हणायला हवे असे मला वाटते. सासूला उचलायला कोण येणार, शेळ्या कुठे बांधायच्या, घरावर लक्ष कोण ठेवणार, केंद्राची किल्ली कोणाकडे आहे आणि तो माणूस त्या रात्री गावात नसला तर दुसरी किल्ली कुठे मिळेल, या प्रश्नांची उत्तरे तिला आधीपासून पाठ असली पाहिजेत. हे प्रश्न क्षुल्लक वाटतात म्हणून ते आराखड्यात येत नाहीत, आणि आपत्तीच्या रात्री नेमके तेच उरतात.

हे शब्दांपुरते नाही, प्रत्यक्षात करून दाखवलेले आहे. नोव्हेंबर १९७० मध्ये आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर आलेल्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसे मृत्युमुखी पडली असे मानले जाते. वादळ येत आहे याची कल्पना तेव्हाही होती, पण ती माहिती भूभागाच्या टोकाला असलेल्या बेटांवरच्या झोपड्यांपर्यंत कामाच्या स्वरूपात पोहोचली नाही. नवा देश जन्माला आल्यावर लगेच, १९७२ मध्ये, तिथल्या रेड क्रॉसच्या पुढाकाराने आणि पुढे सरकारच्या सहभागाने चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम उभा राहिला. त्याचा कणा म्हणजे गावातलेच स्वयंसेवक. हातातला कर्णा, हाताने फिरवायचा भोंगा आणि संकट वाढत जाईल तसे एकाचे दोन, दोनाचे तीन होणारे बावटे, एवढी त्यांची सामग्री. वीज गेली तरी यातले काहीही बंद पडत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दार वाजवणारा माणूस ओळखीचा असतो; तो ‘निघा’ म्हणतो तेव्हा त्या शब्दाला वजन असते, कारण त्याचे स्वतःचे घरही त्याच किनाऱ्यावर असते.

तरीही १९९१ च्या एप्रिलमधील चक्रीवादळात तिथे सुमारे १ लाख ३८ हजार माणसे गेली. मृतांमध्ये स्त्रिया आणि मुले यांचे प्रमाण फार मोठे होते, आणि ते का, याचा शोध घेतल्यावर पुढे आलेली कारणे आपण सर्वांनी वाचावीत अशी आहेत. घरातला पुरुष येईपर्यंत निघायचे नाही ही रीत, परक्या पुरुषांनी भरलेल्या एकाच खोलीत रात्र काढण्याचा संकोच, कडेवरचे मूल, पाण्यात पायांत गुंतणारे वस्त्र, पोहता न येणे. यांतल्या एकाही कारणावर उपग्रहाचा उपाय नाही. बांगलादेशाने केंद्रांची संख्या वाढवली, त्यांत स्त्रियांसाठी वेगळ्या खोल्या आणि शौचालये केली, गुरांसाठी मातीचे उंच भराव घातले, ज्यांना तिथे ‘किल्ला’ असेच म्हणतात. स्वयंसेवकांची संख्या आता ७६ हजारांहून अधिक आहे आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत, म्हणजे शेवटच्या घरातल्या बाईचे दार वाजवायला आता बाईच येऊ शकते. मे २०२० मध्ये अम्फान आले तेव्हा साथीच्या काळातही त्या देशाने वीस लाखांहून अधिक माणसे हलवली आणि तिथल्या मृतांचा आकडा दोन आकड्यांत राहिला. सगळी वादळे सारखी नसतात, त्यामुळे आकड्याशेजारी आकडा ठेवून फुशारकी मारणे बरोबर नाही. पण एवढा मोठा फरक वाऱ्याच्या दिशेने पडत नाही.

आपल्याकडे ओडिशाचा अनुभव याच जातीचा आहे. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे १० हजार माणसे गेली. २०१३ च्या फायलिनमध्ये सुमारे १० लाख आणि २०१९ च्या फणीमध्ये सुमारे १२ लाख लोकांना वेळेत हलवण्यात आले आणि दोन्ही वेळा राज्यातील मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. मधल्या वर्षांत काय झाले? स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले, निवारा केंद्रे बांधली गेली, आणि ती एरवी शाळा किंवा सभागृह म्हणून वापरात राहिली. या शेवटच्या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे अशी विनंती आहे. वर्षभर कुलूपबंद असलेल्या इमारतीकडे भर पावसात, अंधारात, लहान मुले घेऊन कोणी धाव घेत नाही. ज्या इमारतीत आपले मूल रोज बसते तिची वाट पायांना ठाऊक असते, तिचे नळ चालतात की नाही हे घरी ठाऊक असते.

आता भाषेबद्दल. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी फिलिपाइन्समध्ये हैयान हे वादळ आले. वाऱ्याबरोबर समुद्राचे पाणी चढेल असा इशारा आधी दिलेला होता, पण त्यासाठी वापरलेली तांत्रिक संज्ञा ताक्लोबान शहरातल्या पुष्कळांना कळलीच नाही. लोक वाऱ्याची तयारी करून बसले आणि आले ते पाणी. त्या वादळाने सहा हजारांहून अधिक बळी घेतले. ‘त्सुनामीसारखे पाणी येईल’ असे सांगितले असते तर आम्ही पळालो असतो, असे वाचलेल्यांपैकी अनेकांनी नंतर सांगितले. चक्रीवादळात सर्वाधिक जीव घेते ते पाणी, हे आपल्याला माहीत आहे; वादळाच्या वाऱ्याने किनाऱ्याकडे रेटलेले, उथळ समुद्रात फुगलेले आणि नेमकी भरतीची वेळ साधली तर अधिकच उंच चढणारे पाणी. ते लाटेसारखे येऊन लगेच ओसरत नाही, तासन् तास चढत राहते. सामान्य माणसाला ‘समुद्राच्या पातळीत तीन मीटर वाढ अपेक्षित’ या वाक्यातून यातले काय दिसणार? त्याला सांगायला हवे की भरतीच्या वेळी पाणी तुमच्या दाराच्या चौकटीवरून जाईल, अमुक देवळाच्या पायरीपर्यंत पोहोचेल, रात्री दोननंतर पुलावरून जाता येणार नाही. विजेच्या खांबावर, शाळेच्या भिंतीवर मागच्या पुराची आणि संभाव्य पुराची रेघ रंगवायला फारसा खर्च येत नाही. इशाऱ्याची वाक्ये कोणती असावीत हे वादळ नसताना, त्या त्या वस्तीत बसून, तिथल्या बोलीत ठरवून ठेवावे, आणि ती वाक्ये ऐकून लोक काय करतील हे त्यांनाच विचारावे.

यानंतरचा मुद्दा रंगीत तालमीचा. याबाबत मी जरा अधिक लिहिणार आहे, कारण तालीम घेतली असे दाखवणे सोपे असते आणि वाईट तालीम ही तालीम नसण्यापेक्षाही घातक ठरू शकते.

जपानच्या कामाइशी शहरात उनोसुमाई नावाचा भाग आहे. तिथे आपत्ती निवारणासाठी म्हणून बांधलेली एक दुमजली इमारत होती, पण त्सुनामीच्या वेळी तातडीने धाव घेण्याच्या अधिकृत जागांत ती नव्हती. अधिकृत जागा उंचावर होत्या आणि वृद्धांना तिथवर चढणे जड जात असे. म्हणून तालमीला जास्त लोक यावेत या हेतूने ही सपाटीवरची, सोयीची इमारत वापरली जाई. ३ मार्च २०११ च्या तालमीतही लोक तिथेच जमले. आठ दिवसांनी, ११ मार्चला, खरा भूकंप झाला तेव्हा पाय सवयीने तिकडेच वळले. पाणी दुसऱ्या मजल्यावर छतापर्यंत चढले आणि त्या इमारतीत आश्रय घेतलेल्यांपैकी शंभराहून अधिक माणसे दगावली. तालमीने लोकांना जे शिकवले होते तेच लोकांनी केले. उपस्थिती वाढावी म्हणून केलेली ती तडजोड चांगल्या मनानेच केली गेली होती, आणि म्हणूनच ती मला विसरता येत नाही.

त्याच उनोसुमाईत, त्याच दुपारी, शेजारशेजारच्या दोन शाळांमधली मुले वाचली. धोक्याच्या नकाशात या शाळा पाण्याच्या रेषेबाहेर दाखवलेल्या होत्या. पण अभ्यासक तोशिताका कातादा यांनी काही वर्षे त्या शहरातल्या मुलांना एक गोष्ट परोपरीने सांगितली होती, की नकाशावर विसंबून राहू नका, त्या क्षणी शक्य ते सर्व करा आणि निघणाऱ्यांत पहिले व्हा. माध्यमिक शाळेची मुले पळत सुटली, त्यांना पाहून प्राथमिक शाळेची मुले वरच्या मजल्यावरून खाली उतरून त्यांच्यामागे निघाली. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर जवळचा कडा ढासळलेला दिसला, तेव्हा ‘ठरलेली जागा हीच’ म्हणून ती तिथे थांबली नाहीत. मोठ्यांनी लहानांचे हात धरले आणि सगळी आणखी वर गेली. ते पहिले ठिकाण थोड्याच वेळात पाण्याखाली गेले. कामाइशीत प्राथमिक आणि माध्यमिक शाळांची सुमारे तीन हजार मुले होती आणि त्यांतली जवळजवळ सगळी वाचली. तालीम घ्यायची तर अशी घ्यावी, जिच्यात मधला रस्ता अडवलेला आहे, केंद्राचे दार उघडत नाही, वेळ रात्रीची आहे, आणि काय करायचे ते मुलांनी स्वतः ठरवायचे आहे. जिथे सगळे ठरल्याप्रमाणे पार पडले त्या तालमीतून कोणी काही शिकले असेल का, याची मला शंका आहे.

काही आपत्तींत इशाऱ्याला वेळच नसतो. २८ सप्टेंबर २०१८ रोजी इंडोनेशियातील पालू येथे भूकंपानंतर काही मिनिटांतच लाटा शहरात शिरल्या. वीज आणि मोबाईलचे मनोरे भूकंपानेच निकामी झाले होते. अशा वेळी जमीन हलणे हाच इशारा. इंडोनेशियाच्याच सिमेलुए बेटावर १९०७ च्या त्सुनामीनंतर ‘स्मोंग’ हा तिथल्या बोलीतला त्सुनामीसाठीचा शब्द राहिला आणि मोठा भूकंप झाला की डोंगराकडे धावायचे ही शिकवण आजी-आजोबांच्या गोष्टींतून आणि अंगाईतून चालत आली. २००४ मध्ये भूकंपाच्या केंद्राच्या इतक्या जवळ असूनही, सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर मृतांचा आकडा एक अंकी राहिला. म्हणून शाळेतल्या प्रत्येक मुलाला एवढे तरी यावे : उभे राहता येणार नाही असा किंवा बराच वेळ चालणारा हादरा बसला की उंचावर जायचे, समुद्र मागे सरकण्याची वाट पाहायची नाही, कारण तो दर वेळी आधी मागे सरकतोच असे नाही, आणि पहिली लाट ओसरली म्हणून खाली उतरायचे नाही, कारण पुढची अधिक मोठी असू शकते.

समुद्रात असलेल्या माणसाचा विचार आराखड्यांत सर्वांत कमी असतो. २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस ओखी वादळ कन्याकुमारीजवळ अतिशय वेगाने तीव्र झाले, तेव्हा केरळ आणि तमिळनाडूचे अनेक मच्छीमार काही दिवस आधीच खोल समुद्रात गेलेले होते. मोबाईलची कक्षा किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते. शेकडो घरी परतले नाहीत. उपग्रहाद्वारे संदेश घेणारी उपकरणे त्यानंतर आली आहेत, पण उपकरण होडीवर असणे पुरेसे नाही. ते चालू आहे का, त्याची बॅटरी भरलेली आहे का, संदेश वाचता येईल अशा भाषेत आहे का, आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरल्यास बुडालेल्या फेरीच्या डिझेलचा खर्च कोणी उचलणार आहे का, याची उत्तरे बंदरावर जाऊन शोधावी लागतील. इशारा मानल्याचा भुर्दंड मच्छीमाराने एकट्याने सोसायचा, ही रचना जोवर आहे तोवर काहीजण इशारा असतानाही जातील.

खारफुटीविषयी एवढेच सांगतो की १९९९ च्या वादळात ओडिशात ज्या गावांपुढे खारफुटीचा रुंद पट्टा होता तिथे बळी कमी गेले, असे अभ्यासात दिसून आले आहे. ती राखावी आणि वाढवावी. पण ती आहे म्हणून स्थलांतर टाळता येईल असे कोणी समजू नये.

वादळ वळले आणि काहीच झाले नाही, तर पुढच्या वेळी लोक ऐकणार नाहीत, ही भीती आपल्यापैकी अनेकांना आदेश उशिरा काढायला लावते. भीती खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे इशारा रोखून धरणे हा असू शकत नाही. वादळ का वळले, अंदाजात किती फरक असू शकतो, हे दुसऱ्याच दिवशी वस्तीत येऊन मोकळेपणाने सांगावे, आणि केंद्रात गेलेल्या कुटुंबाचे त्या दिवसाचे नुकसान कमीत कमी व्हावे हे पाहावे. बुडालेली मजुरी भरून देणे, रिकाम्या घरांवर रात्री गस्त ठेवणे, गुरांना चारा पुरवणे यांचा खर्च मदत आणि पुनर्वसनाच्या खर्चापुढे नगण्य आहे. ज्या बाईची भांडी मागच्या वेळी गेली, तिच्या दारात पुढच्या वेळी कोणत्या तोंडाने उभे राहायचे, हा प्रश्न गस्तीने सुटतो.

या सगळ्यासाठी प्रत्येक वस्तीच्या हातात थोडा निधी आणि थोडा अधिकार आधीच असावा लागतो. रिक्षा ठरवायला, कर्ण्याच्या बॅटऱ्या घ्यायला, स्ट्रेचर दुरुस्त करायला वरून मंजुरी येण्याची वाट पाहावी लागत असेल, तर कागदावर कितीही समित्या असल्या तरी त्या रात्री कोणीच नाही. घरोघरची यादी, म्हणजे कोण चालू शकत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोण गरोदर आहे, कोणाला रोजचे औषध लागते, ही गावातल्या माणसांनीच करावी, दर पावसाळ्यापूर्वी ताजी करावी, आणि प्रत्येक नावापुढे त्याला घेऊन जाणाऱ्या दोन माणसांची नावे असावीत. एक नाव पुरत नाही, कारण तो माणूस त्या दिवशी बाहेरगावी असू शकतो.

माझी शेवटची विनंती अगदी साधी आहे. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या हद्दीतल्या एका वस्तीतल्या शेवटच्या घरी संध्याकाळी, अंधार पडल्यावर जावे. त्या घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसासोबत, तो चालू शकत नसेल तर त्याला उचलणाऱ्यांसोबत, निवारा केंद्रापर्यंत चालत जावे आणि निघताना व पोहोचताना घड्याळ पाहावे. केंद्राचे दार उघडायला किती वेळ लागला तोही त्यात धरावा. जो आकडा येईल तो आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहावा, आणि स्थलांतराचा आदेश किती तास आधी निघायला हवा हे त्यावरून ठरवावे.

कळावे,

आपला नम्र,
एक नागरिक